उजव्या बाजूचा कप

१

गाडी आमच्या लग्नाहून जुनी. लग्नानंतर ही, माझी बायको, पहिल्यांदा तिच्यात बसली तेव्हा म्हणाली होती, "म्हणजे घरात माझ्याआधीची एक आहेच तर." तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो.

यंदा गाडीने सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडायला सुरुवात केली. रेडिएटरमधलं पाणी कुठे गळत नव्हतं, पण रोज कमी होत होतं. तेलाचं झाकण उघडलं तर आतून कॉफीच्या फेसासारखं काहीतरी चिकटलेलं. पाणी तेलात जात होतं. म्हणजे इंजिनाचं हेड, वरचा तो जड ठोकळा ज्यात झडपा बसतात, कुठेतरी तडकलं होतं.

"टाका की मेस्त्रीकडे," ही म्हणाली.

"मेस्त्री घाईत असतो. घाईत आवळलेला बोल्ट आणि घाईत केलेलं लग्न..."

"पुरे. आपलं घाईत नव्हतं झालं. तरी कुरकुरतंयच."

हे तिने शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हटलं. ती घरी पडदे शिवते. तिची शिवणाची खोली आणि गॅरेज यांच्यात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीत एक दार. मी पाना खाली ठेवला तरी तिला ऐकू जातं. तिचं मशीन चालता चालता थांबलं, की ती कान देऊन ऐकते आहे हे मला कळतं. अलीकडे ते फारसं थांबत नाही. आमच्यात भांडण नाही. भांडायलाही काही शिल्लक लागतं.

मी वजनकाटे तपासतो, दुकानांचे आणि गोदामांचे. काटा खोटा निघाला की त्यावर लाल पट्टी लावतो. घरीही माझी तीच रीत: सावकाश करायचं आणि पुन्हा एकदा तपासायचं. यंत्रांचं मला कुणी शिकवलं नाही. वाचून, खोलून, चुकून आलं. मी डावखुरा आहे, त्यामुळे शिकवणाऱ्याची पंचाईतच झाली असती.

२

हेड उतरवायला अख्खा रविवार गेला. त्याचे बोल्ट बाहेरून आत, आळीपाळीने, थोडे थोडे सैल करायचे असतात. एकदम सोडले तर हेड वाकतं. निघालेला प्रत्येक बोल्ट मी पुठ्ठ्यात खोचतो. त्याआधी पुठ्ठ्यावर पेन्सिलीने हेडची आकृती काढायची, बोल्टांच्या जागी भोकं पाडायची, आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी उभा करायचा. माझा एकही बोल्ट कधी परक्या भोकात गेलेला नाही.

तडा दोन झडपांच्या मधोमध होता. केसाएवढा.

नवीन हेड आता कुठे मिळत नाही. मी भंगारवाल्याकडे गेलो. ढिगाऱ्यातून त्याने गोणपाटात गुंडाळलेलं एक बाहेर काढलं, जणू बाळ काढतोय.

"तुमच्याच गाडीचं आहे. हे मी ढिगात नाही टाकलं. हात लावून बघा."

मी बोट आत घातलं. हवा जायच्या वाटा कुणीतरी आतून हाताने घासून गुळगुळीत केल्या होत्या. कारखान्यात असं कुणी करत नाही. असं काम करायचं माझ्या कित्येक वर्षं मनात होतं. दर वेळी म्हणत आलो, पुढच्या वेळी.

"कुणाचं हे?"

"होता कुणीतरी हौशी. घरीच खोलायचा. बाईंनी विकली गाडी."

"आणि तो?"

"साहेब, आम्ही धातूची चौकशी करतो, माणसांची नाही." त्याने तंबाखू झटकावी तसे हात झटकले. "तुमचं जुनं आणून द्या. बदलीत बदली, आमचा नियम आहे."

"तडकलेलं काय कामाचं?"

"तडे भरून घेतात लोक. प्रत्येकाला गिऱ्हाईक असतं."

घरी येऊन मी ते हेड बाकावर ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या माणसाचा हेवा वाटला. एवढं निगुतीने काम, आणि तेही आत, जिथे कुणाची नजर जाणार नाही. माझं जुनं हेड मी गोणीत घालून बाकाखाली सरकवलं. देऊ सावकाश, म्हटलं.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, कपडे बदलले आणि गॅरेजमध्ये गेलो. पुठ्ठ्यातले बोल्ट स्वच्छ होते. आट्यांमधली काजळी ब्रशने काढलेली, वर तेलाचा पातळसा हात. मी ते काम आजसाठी ठेवलं होतं.

उजव्या मडगार्डवर चहाचा रिकामा कप होता.

मी इंजिनासमोर उभा राहिलो की माझी हत्यारं, फडकं, कप सगळं डावीकडे असतं. उजवीकडे काही ठेवलं तर माझंच कोपर लागून पडतं. ही ते जाणते. लग्नाच्या पहिल्या वर्षी असा एक कप फुटला होता.

कप घेऊन मी आत गेलो. हिने मशीनवरून मान वर केली, आणि ती हसत होती.

"अर्धी रजा घेतलीत तर सांगायचं तरी. मी आपली भिंतीपलीकडे शीळ ऐकतेय आणि म्हणतेय, कोण हे? इतकी छान शीळ येते आणि एवढ्या वर्षांत कळू दिलं नाहीत?"

मला शीळ येत नाही. पुढच्या दातांत फट आहे, नुसती हवा जाते. लहानपणी सगळी मित्रमंडळी त्यावरून मला फुगा म्हणायची. मी दिवसभर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका धान्याच्या गोदामात होतो.

हे सगळं बोलायला माझं तोंड उघडलं होतं. पण ती माझ्याकडे बघत होती. नुसती नजर टाकत नव्हती, बघत होती. कपाळावरची बट मागे सारून, सुई तशीच दोन बोटांत धरून. असं तिने माझ्याकडे शेवटचं कधी पाहिलं ते मला आठवेना.

"अधूनमधून घालतो," मी म्हणालो.

४

माणसाचं डोकं आधी जवळचा खुलासा शोधतं. दोन घरं सोडून एक रंगारी राहतो. शिडीवर चढला की शीळ घालतो, आणि बायकांशी बोलताना त्याच्या आवाजाला साखर येते. मी त्याच्या दारात गेलो.

"या, साहेब. रंग काढायचाय?"

त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"कधी झालं हे?"

"महिना होत आला. शिडी घसरली. आता बायको भरवते, मी खातो. सुख म्हणजे याहून काय असतं!"

तो हसला. मीही हसलो, आणि परत येताना मला वाईट वाटलं ते हे की तो रंगारी नव्हता. रंगारी असता तर कॉलर धरता आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी गॅरेजचं शटर खाली ओढून बाहेरून कुलूप लावलं. आतल्या दाराची कडी गॅरेजच्या बाजूने आहे. तीही घातली आणि मग शटरखालून बाहेर आलो होतो. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात.

संध्याकाळी कुलूप तसंच होतं. आत हेडखालच्या ब्लॉकचा माथा घासून आरशासारखा केलेला, दोघांच्या मधे बसणारं नवं पातळ गॅस्केट कोऱ्या कागदावर काढून ठेवलेलं, पाने आकाराप्रमाणे ओळीत. उजवीकडे.

जेवताना ही म्हणाली, "आज आतून कडी लावून बसलात. म्हटलं, असू दे. मी दाराशी स्टूल घेऊन बसले आणि बाहेरूनच बोलले. बरं झालं. तोंड समोर नसलं की बोलता येतं."

"हं."

"आईच्या वेळचं सगळं बोलायचंच राहिलं होतं. बोलून टाकलं. हलकं वाटतंय." तिने भांडं माझ्याकडे सरकवलं. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत. मधे एकदाही घड्याळाचं बोलला नाहीत."

तिची आई गेली तेव्हा काहीतरी झालं होतं. काय, ते तिने मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्यातली भिंत त्याच दिवसापासूनची. आता ती ते बोलली होती. माझ्याच दारातून, माझ्याच गॅरेजमध्ये, दुसऱ्या कुणाच्या तरी कानात. आणि मला विचारताही येत नव्हतं की काय बोललीस. मी ते ऐकलेलं होतं.

चोर पैसा नेतो, दागिने नेतो. माझ्या घरातून माझ्या बायकोचं मन कुणीतरी नेलं होतं, आणि जाताना फरशी पुसून गेलं होतं.

५

गुरुवारी मी रजा टाकली. म्हटलं, बघू दुपारी कोण येतं.

कुणी आलं नाही. मीच होतो. शटर उघडं ठेवून मी गॅस्केट बसवलं, वर ते हेड अलगद उतरवलं. ते माझ्या हातातून असं सुटून बसलं की मला काही करावंच लागलं नाही. जणू त्याला जागा ठाऊक होती. पुठ्ठ्यातले बोल्ट एकेक करून हाताने फिरवले. दार उघडलं. ही चहा घेऊन आली आणि कप उजव्या मडगार्डवर ठेवला.

मी पुढे वाकून तो डाव्या हाताने घेतला. तिने हाताकडे पाहिलं.

"अय्या, हो की," ती म्हणाली. "सवयच मोडली माझी."

मग ती स्टूल ओढून बसली. गुडघ्यावर हात, मान किंचित कललेली. वाट बघत होती. मला कळत होतं की आता मी काहीतरी बोलायचं आहे, काल जिथे थांबलं होतं तिथून पुढे. मी पाना पुसला. तो स्वच्छच होता.

"पडदे किती झाले?" मी विचारलं.

"झाले."

"कापड चांगलं आहे का?"

"आहे."

मशीनचा आवाज नसला की ते गॅरेज किती शांत असतं ते मला तेव्हा कळलं. मी ओठ गोल केले आणि फुंकर मारली. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज आला. ती हसली, पाहुण्याचा विनोद फसल्यावर हसतात तशी.

"आज कामात लक्ष आहे तुमचं. चालू द्या." ती उठली. दारापाशी थांबली. "रविवारी निघायचं ना पण? काल म्हणालात तसं? समुद्रावर."

ती समुद्राचं लग्न झाल्यापासून म्हणते आहे. मी दर वर्षी म्हणत आलो, पुढच्या वर्षी.

"हो," मी म्हणालो. "म्हणालो म्हणजे जायचं."

दार लागलं. भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं आणि संध्याकाळपर्यंत एकदाही थांबलं नाही.

६

त्या माणसाला रविवार मिळू द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं.

हेडचे बोल्ट आवळताना उलटं असतं, मधून बाहेर, फेऱ्या घेत. शेवटच्या फेरीला टॉर्क पाना लागतो. किती जोर लावला ते त्याच्यावर कळतं. ती फेरी मी घेतलीच नाही. उलट मधले बोल्ट हाताने फिरतील इतके सैल केले आणि टॉर्क पाना पिशवीत घालून कामावर नेला. अशी गाडी सुरू झाली तरी फाटकाबाहेर जाणार नाही. स्वतःचं काम स्वतःच्या हाताने नासवताना मला लाज वाटायला हवी होती. गोड वाटलं.

निघताना फडकं घ्यायला वाकलो तर बाकाखाली गोणी नव्हती.

"अगं, जुनं हेड कुठे गेलं?"

"काय हो, विसरभोळे झालात." ती शिवणाच्या खोलीतून म्हणाली. "काल दुपारी भंगारवाला आला होता, तुम्हीच तर उचलून दिलंत. तो म्हणाला, गिऱ्हाईक मिळालंय, भरून घेणारं."

तो शनिवार होता. सकाळी मी एका गोदामातला मोठा काटा तपासायला गेलो. जमिनीसारखा सपाट, ज्यावर हातगाडी चढते तो. वजनं मांडण्याआधी मी नेहमी स्वतः त्याच्यावर उभा राहतो. माझं वजन मला पाठ आहे. बारीक चूक लगेच कळते.

उभा राहिलो. काटा हलला नाही.

मी टाच आपटली. काटा थरथरला आणि शून्यावर येऊन थांबला.

"नादुरुस्त आहे," मी गोदामवाल्याला म्हणालो आणि लाल पट्टी काढली.

"असं कसं साहेब? आत्ता तर माल मोजला." त्याने हमालाला हाक मारली. हमालाने माझ्या शेजारी एक पोतं टाकलं. काटा सरसर पुढे गेला आणि पोत्यावर लिहिलं होतं तेवढ्यावर, अगदी तेवढ्यावर, थांबला. पोत्याचं वजन. फक्त पोत्याचं.

गोदामवाला काट्याकडे बघत होता. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, शोधल्यासारखं.

"गेले वाटतं साहेब," तो हमालाला म्हणाला.

मी त्याच्या हाताच्या अंतरावर होतो. ऊन डोळ्यांवर आलं असेल, मी स्वतःला म्हटलं. पट्टी मात्र मी लावली नाही. काटा खोटा नव्हता.

७

घरच्या रस्त्याला वळलो तेव्हाच इंजिन ऐकू आलं.

गाडी घेतली तेव्हाही ती इतकी मऊ चालत नव्हती. फट् नाही, खरखर नाही, धूर नाही. सैल बोल्टांचं इंजिन असं चालूच शकत नाही. माझ्या पिशवीत टॉर्क पाना होता, तो मी बाहेरून चाचपला. होता. आणि त्या आवाजाच्या वर, त्याच्याशी सूर लावून, शीळ.

शटर पूर्ण वर होतं. गाडीची मागची बाजू माझ्याकडे. शेजारच्या जागेवर ही बसली होती, ठेवणीतल्या कपड्यांत, मांडीवर डबा आणि पिशवी. आज शनिवार आहे, मी मनात म्हटलं. रविवार उद्या आहे. त्यालाही धीर नव्हता तर.

गाडी चालवणाऱ्याचा मला खांदा दिसला. माझा सदरा होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली; मी दुमडत नाही. उजवा हात स्टिअरिंगवर सैल टाकलेला, स्वतःच्या घरात बसावं तसा. पलीकडच्या बाकावर रिकामा कप.

मी पुढे झालो. बाजूच्या आरशात त्याचा चेहरा दिसायला हवा होता. आरसा छोटा आहे, काचेला कोपऱ्यात डाग पडलेत. मला फक्त तोंड दिसलं. गोल केलेले ओठ. मग शीळ थांबली आणि ते हसलं, आणि दातांत फट होती.

मी हाक मारली. तिच्या नावाने मारली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मारायचो त्या घरातल्या नावाने. तिने मान वळवली. मागच्या काचेतून थेट माझ्याकडे पाहिलं, डोळ्याला डोळा. मी हात वर केला, डावा. तिची नजर माझ्यावरून रस्त्यावर गेली, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली आणि परत त्याच्याकडे वळली.

"मागे कुणी नाही," ती म्हणाली. "घे गाडी."

मला तिने कधी 'अरे-तुरे' केलं नव्हतं.

मागचे दिवे लागले. मी बाजूला झालो की नाही, ते मला आठवत नाही.

८

छप्पर पत्र्याचं आहे. उंचावर एक अरुंद खिडकी, तिच्यातून दुपारचं ऊन बाकावर पडतं. मधे एक गाडी, आमच्याच जातीची, रंग वेगळा. बोनेट उघडं.

मी इथे कसा आलो ते मांडता येत नाही. काटा शून्यावर असला की मी आकडा टिपत नाही.

बाकावर हेड आहे. दोन झडपांच्या मधोमध भरलेल्या धातूची एक बारीक रेघ, अजून चकचकीत. बोट फिरवलं. ती रेघ मी डोळे मिटूनही ओळखेन.

ज्याचं हे गॅरेज आहे तो संध्याकाळी येत असावा. त्याला मी पाहिलेला नाही, पाहायचाही नाही. बोल्ट त्याने पत्र्याच्या डब्यात कसेही कोंबले होते, एकावर एक, काजळीसकट. फडकी भिजलेली, पाने जमिनीवर पसरलेले. असल्या माणसाला कुणी घर कसं देतं? कुणी त्याच्यासाठी चहा कसा करतं? मला त्याचा भयंकर राग आला.

मग मी पुठ्ठा शोधला. आकृती काढली, भोकं पाडली. एकेक बोल्ट ब्रशने घासला, तेलाचा हात दिला, जिथल्या तिथे उभा केला. मला घाई नाही.

भिंतीपलीकडे कुणीतरी पाट्यावर काही वाटत होतं. एका लयीत, वर न बघता, वर्षानुवर्षं वाटत असल्यासारखं. मघाशी ते थांबलं होतं तेव्हा दार किलकिलं झालं. पावलं आली, बांगड्या वाजल्या, कप टेकला.

"आज लवकर आलात?" बाईचा आवाज दमलेला होता. उत्तराची तिने वाट पाहिली नाही. दार लागलं, वाटणं पुन्हा सुरू झालं.

मी कपाकडे पाहिलं. डावीकडे ठेवला होता. कोपर लागणार नाही असा.

गरम होता. प्यायलो. तोंड पुसलं, पुढचा बोल्ट हातात घेतला आणि सहज, काही मनात न आणता, ओठ गोल केले.

शीळ आली. स्वच्छ, लांब, न तुटता.

भिंतीपलीकडे वाटणं थांबलं.